मालकांच्या कागदांपलीकडची गल्ली

जुन्या खरेदीखतात घराचे वर्णन चतुःसीमांनी केलेले असते. पूर्वेस अमुक यांचे राहते घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस तमुक यांची पडीक जागा, उत्तरेस सामाईक भिंत व तिच्यापलीकडे तिसऱ्याच कुणाचा वाडा, अशी ती चार वाक्ये असतात. दस्त करणाऱ्यांना त्यांचा उपयोग एवढाच होता, की विकलेली जागा नेमकी कोणती यावरून पुढे तंटा होऊ नये. परंतु एकाच गल्लीतील पाच-सात घरांचे निरनिराळ्या वर्षांचे दस्त शेजारी शेजारी मांडले, की त्या चार वाक्यांतून संपूर्ण गल्ली उभी राहू लागते, कारण प्रत्येक घराचा कागद आपल्या चारही शेजाऱ्यांची साक्ष देत असतो. ज्या घराचा स्वतःचा एकही कागद उरलेला नाही, त्याचा मालक कोण होता हे शेजारच्या घराच्या दस्तातून कळते. जुन्या नाशिकमधील आमच्या गल्लीचा आणि तिच्यातील रहिवाशांचा इतिहास लिहिण्याचे काम मी हाती घेतले, तेव्हा सुरुवात या चतुःसीमांपासूनच झाली.

गल्ली मेन रोडच्या मागच्या चढ-उतारांत, तिवंधा चौकापासून जवळ आहे. तिचे नाव मी येथे देत नाही. तिच्यातील काही घरांच्या वाटण्या अद्याप न्यायालयात आहेत, आणि ज्यांनी विश्वासाने ट्रंका उघडून कागद दाखविले त्यांच्या वादात माझे लिखाण कुणीतरी पुरावा म्हणून पुढे करावे, अशी माझी इच्छा नाही. नाव न घेताही जुन्या नाशिककरांना ती ओळखीची वाटेल. नाशिक नऊ टेकांवर वसले असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत, आणि जुनी गढी, म्हसरूळ टेक, चित्रघंटा हे चढ ज्याने रोज पायी चढले आहेत त्याला ते निराळे पटवून द्यावे लागत नाही. या टेकांच्या उतारांवर तांबट आळी, बोहोरपट्टी, कुंभारवाडा, काझीपुरा, कोकणीपुरा अशा व्यवसायांच्या आणि समाजांच्या वस्त्या एकमेकींना खेटून वाढल्या. आमची गल्ली अशा दोन वस्त्यांच्या मधली असल्यामुळे तिच्यात कोणा एकाच व्यवसायाची घरे कधीच नव्हती, आणि म्हणूनच तिचा इतिहास कुणाला लिहावासा वाटला नसावा.

या परिसरातील प्रसिद्ध घटनांची नोंद झालेली आहे. मित्रमेळा आणि अभिनव भारत या क्रांतिकारक संघटनांची तिळभांडेश्वर गल्ली, २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या ते विजयानंद नाट्यगृह, सरकारवाडा आणि १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय यांच्याविषयी वाचायला पुष्कळ मिळते, आणि ते मिळाले पाहिजेच. मात्र त्याच वर्षांत त्या रस्त्यांवरून रोज कामाला जाणारी, भाड्याच्या खोलीत संसार करणारी, विहिरीवर पाणी भरणारी माणसे कोण होती, हे विचारले तर उत्तर मिळत नाही. जॅक्सनच्या खुनानंतर शहरात धरपकड आणि झडत्या झाल्या. आमच्या गल्लीतील दोन घरांत मी असे ऐकले, की त्या भीतीने पणजोबांनी घरातील बरीच कागदपत्रे बंबात घातली. हे ऐकीव आहे आणि मी ते ऐकीव म्हणूनच नोंदविले आहे, परंतु त्या दोन्ही घरांत १९१०च्या आधीचा एकही कागद नाही, हेही त्याच पानावर लिहून ठेवले आहे.

घरांची ओळख पटविणे हेच पहिले मोठे काम ठरले. एकाच घराला तीन क्रमांक असतात. नगरपालिकेच्या काळात घरपट्टीसाठी दिलेला जुना घर नंबर, नगर भूमापनाचा सि.स. (सिटी सर्व्हे) नंबर आणि महानगरपालिकेच्या कर विभागाचा नवा मिळकत क्रमांक. नाशिकची नगरपालिका १८६४ची आणि महानगरपालिका १९८२ची, त्यामुळे जुन्या दस्तात पहिला, मधल्या काळातील फेरफारांत, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदींत, दुसरा आणि आजच्या पावतीवर तिसरा क्रमांक येतो, आणि या तिघांचा मेळ घालणारा तक्ता हाती नसेल तर एका घराची माणसे दुसऱ्याच घरात जाऊन बसतात. हा तक्ता मी चतुःसीमांच्या आधारे केला. तो तयार झाल्यावरच मिळकत पत्रिकांचा खरा उपयोग होऊ लागला. मिळकत पत्रिकेवर क्षेत्रफळ, धारणाधिकार आणि मूळ धारकाचे नाव असते, आणि त्याखाली प्रत्येक फेरफाराची तारीख, व्यवहाराचा प्रकार आणि नवीन धारक, पट्टेदार किंवा भार यांची नोंद असते. वारसा, खरेदी, गहाण, बोजा कमी झाला, पुन्हा वारसा, असे एका घराचे शतक त्या एका पानावर उतरलेले असते. एका घरावर थोड्या वर्षांच्या अंतराने दोनदा गहाण चढलेले दिसते. घरातल्या आजींना त्याचे कारण ठाऊक होते. पहिले गहाण मुलीच्या लग्नासाठी होते आणि दुसरे मुलाच्या आजारपणासाठी.

तारखांचा प्रश्न निराळाच. जुन्या कागदांत शके, फसली आणि सुहूर अशा तीन गणना येतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, फसलीत ५९० मिळवावे लागतात आणि सुहूर सनात ५९९ किंवा ६००. सुहूर सन अंकांऐवजी शब्दांत लिहिण्याची पद्धत असल्याने इसन्ने, सलास, अर्बा, खमस हे शब्द पाठ करून घ्यावे लागतात. शिवाय फसली आणि सुहूर ही दोन्ही वर्षे मृग नक्षत्राच्या सुमारास बदलतात, त्यामुळे वैशाखातील दस्त आणि आषाढातील दस्त यांच्यात एका सनाचा फरक पडू शकतो. हे सर्व मोडीत. अक्षरे एकमेकांत गुंतलेली, शब्दांमध्ये जागा न सोडलेली, आणि लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे वळण बदललेले. मोडी वाचणाऱ्या जाणकारांना गेल्या काही वर्षांत, विशेषतः कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून, फार मागणी आली आहे. आमच्या सुदैवाने निवृत्त झालेल्या एका मोडी जाणकारांनी कागद वाचून दिले, आणि वाचताना प्रत्येक शंकास्थळी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह घालण्याची शिस्त लावली. ती शिस्त मी पुढे संपूर्ण नोंदीला लागू केली. प्रत्येक विधानापुढे ते कागदावरचे आहे, ऐकलेले आहे, की स्वतः पाहिलेले आहे, हे लिहिलेले असते.

एवढे झाल्यावर मालकांची साखळी बऱ्यापैकी जुळली. आणि तेव्हाच मला हे फार तीव्रतेने जाणवले, की ही गल्लीची नोंद नव्हे. ही गल्लीतील मालमत्तेची नोंद आहे.

गल्लीच्या मध्यावर एक मोठा वाडा आहे. दिंडी दरवाजा, आत चौक, चारी बाजूंना ओसरी, सागाचे खांब आणि तुळया, खाली घडीव दगडाचे जोते, वर विटा आणि पांढऱ्या मातीच्या भिंती, तळघर आणि आता बुजविलेला आड. मिळकत पत्रिकेवर पहिल्यापासून आजपर्यंत एकच आडनाव आहे. त्या आडनावाचे कुटुंब वाड्यात शेवटचे राहिले त्याला फार वर्षे झाली, आणि ज्या काळात वाडा माणसांनी भरलेला होता त्या काळात तेथे अकरा चुली होत्या. अकरा कुटुंबे पिढ्या-दोन पिढ्या राहिली, तेथे जन्म झाले, लग्ने लागली, माणसे वारली, आणि सरकारदरबारच्या त्या पानावर यांपैकी एकाचेही नाव नाही.

असे होण्याला कारण आहे. शंभर रुपये व त्यावरील किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणी कायद्याने सक्तीने नोंदवावी लागे, परंतु महिन्याच्या भाड्याने घेतलेली खोली बहुधा तोंडी बोलीवरच मिळत असे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण धरले आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नाही अशी व्यवस्था केली. त्या काळच्या घरटंचाईत हा कायदा गरिबांचा मोठा आधार ठरला, हे मी आवर्जून लिहिते, कारण आज वाडे मोडकळीस आल्याचा सगळा दोष भाडेकरूंवर टाकण्याची पद्धत पडली आहे. मालकाला त्या भाड्यात कौले बदलणेही परवडेना, भाडेकरूला दुसऱ्याच्या भिंतीवर पैसा घालण्याचा अधिकारही नव्हता आणि ऐपतही नव्हती, आणि या दोघांच्या मध्ये वाडा पावसाळ्यामागून पावसाळा भिजत राहिला. भाडेकरार नोंदविणे बंधनकारक झाले ते ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने. तोवर वाड्यांतील बहुतेक बिऱ्हाडे निघून गेली होती.

मग ही माणसे शोधायची कोठे? परदेशांत जुन्या जनगणनेची घरोघरची पाने संशोधकांना पाहता येतात. आपल्याकडे १९४८च्या जनगणना कायद्याने ती गोपनीय आहेत, आणि त्यामागचा हेतू मला मान्य आहे. आमच्या उपयोगी पडल्या त्या मतदार याद्या. यादीचा भाग घरांच्या क्रमाने लावलेला असतो, आणि प्रत्येक नावापुढे घर क्रमांक, वय आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. त्यात मालक आणि भाडेकरू असा भेद नसतो. एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी, माळ्यावर, मतदान केंद्रावर बसताना वापरलेल्या याद्यांचे गठ्ठे होते, नावांवर लाल पेन्सिलीच्या खुणा केलेले. त्या याद्या हाती आल्या तेव्हा वाड्यातील अकरा चुलींना पहिल्यांदा नावे मिळाली, आणि स्त्रियांची नावेही मिळाली. त्यांना जोड म्हणून भाड्याच्या पावत्या, रेशनकार्डे, लग्नपत्रिका आणि शाळेच्या जनरल रजिस्टरचे उतारे आले. लग्नपत्रिकेत तळाशी छापलेला पत्ता फार मोलाचा असतो, कारण घरमालकाचे नाव देऊन "यांचा वाडा, दुसरा मजला" असे त्यात हमखास लिहिलेले असते. धोकादायक घरांना पावसाळ्याआधी महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४खाली ज्या नोटिसा येतात, त्यांत मालकाबरोबर राहणाऱ्यांचीही नावे असतात, म्हणून त्याही मी जपून ठेवल्या.

छायाचित्रांकडेही निराळ्या नजरेने पाहावे लागले. लग्नाचा किंवा मुंजीचा फोटो दाखविताना घरातील माणसे त्यातल्या माणसांविषयी सांगतात. मी आधी ते सर्व ऐकून घेते आणि मग मागची भिंत, दरवाजा, पाटी आणि पायऱ्यांची संख्या पाहते. एका मुंजीच्या फोटोत मागे अर्धी दिसणारी शिंप्याच्या दुकानाची पाटी हा त्या दुकानाचा आमच्याकडचा एकमेव पुरावा आहे.

स्त्रियांच्या नोंदीविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते. गल्लीत जन्मलेली मुलगी लग्न होऊन गेली की तिचे नाव आणि आडनाव दोन्ही बदलत असे, आणि गल्लीच्या कागदांतून ती नाहीशी होई. तिचा माग सर्वांत नेमका सापडतो तो हक्कसोडपत्रात. वडील वारल्यावर भावांच्या नावे घर करताना बहिणींकडून हक्क सोडून घेतला जातो, आणि त्या दस्तात तिचे माहेरचे नाव, सासरचे नाव, वय, गाव आणि अंगठा किंवा सही हे सर्व असते. ज्या कागदाने तिचा घराशी असलेला संबंध तोडला, त्याच कागदाने तिची ओळख सांभाळून ठेवली, हे वाचताना मन विषण्ण होते. त्या सह्यांच्या आधारे मी सिन्नर, येवला, पुणे आणि इंदूर येथे गेलेल्या लेकींची घरे शोधली. त्यांच्यापैकी ज्या हयात होत्या त्यांना गल्ली भावांपेक्षा अधिक स्पष्ट आठवत होती, कारण त्यांनी ती लग्नाच्या वयात एकदम सोडली होती आणि नंतरच्या बदलांनी त्यांच्या मनातील चित्र पुसले गेले नव्हते.

दुसरा आधार भांड्यांचा. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी प्रसिद्ध आहेत आणि तांबट आळीतल्या मठारकामाचे ठोके दिवसभर ऐकत आमची गल्ली वाढली. लग्नात दिलेल्या घागरीवर, हंड्यावर, ताटावर नाव घालण्याची रीत घरोघर होती. काठावर ठिपक्यांनी कोरलेली ती एक-दोन ओळींची अक्षरे असतात: कुणी दिले, कुणाला दिले, कोणत्या निमित्ताने, कोणत्या शकात. मालमत्तेच्या कागदांत ज्या बाईचे नाव एकदाही येत नाही तिचे नाव पितळेच्या परातीवर तिच्या मामांच्या नावासह मिळते. स्टीलची भांडी आल्यावर आणि घरे रिकामी होऊ लागल्यावर यांतली पुष्कळ भांडी मोडीत वजनावर गेली. जी उरली आहेत त्यांच्यावरील अक्षरांवर खडूची पूड चोळून, तिरप्या उजेडात फोटो घेतले की ती स्वच्छ वाचता येतात. माझ्या मते जुन्या घरातील सामान काढताना सर्वांत आधी पाहण्याची वस्तू हीच आहे.

वृद्धांशी बोलताना "पूर्वी कसे होते" असे विचारून फारसे काही हाती लागत नाही. त्यांना बरोबर घेऊन गल्लीतून हळूहळू चालावे, आणि एकेका दाराशी थांबून खालच्या खोलीत कोण होते, नळाला पहिला नंबर कुणाचा असे, रात्री उशिरा दिवा कुणाच्या खिडकीत दिसे, असे विचारावे. सालांची आठवण कुणालाच नेमकी नसते, आणि ती असावी अशी अपेक्षाही योग्य नाही. नाशिकमध्ये त्यासाठी दोन उत्तम खुणा आहेत. पहिली महापुराची. १९६९च्या पुराच्या आधी की नंतर, असे विचारले की नव्वदीतील माणूसही क्षणात उत्तर देतो, आणि गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या भागापर्यंत पाणी आले होते हेही हाताने दाखवितो. त्यानंतरच्या पिढीसाठी २००८चा पूर आहे. दुसरी खूण सिंहस्थाची. बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ प्रत्येकाच्या आयुष्यात चार-पाचदाच येतो, त्या वर्षी घरात पाहुण्यांची रीघ लागते, पडवीपासून गच्चीपर्यंत अंथरुणे पडतात, त्यामुळे १९९१, २००३ आणि २०१५ ही वर्षे सर्वांच्या मनात पक्की आहेत. "आम्ही सिडकोत गेलो ते एक्क्याण्णवच्या सिंहस्थाच्या आधी, कारण त्या वेळी काकूंकडे उतरायला आम्ही तिथून आलो होतो," अशा वाक्याने एका बिऱ्हाडाच्या स्थलांतराचा काळ निश्चित झाला.

गल्ली सोडून जाण्याची कारणे विचारत गेले तेव्हा शहराचा कारखानदारीचा इतिहासच उलगडत गेला. नाशिक रोडला १९२५ साली सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ साली करन्सी नोट प्रेस सुरू झाली, आणि "प्रेसमध्ये" नोकरी लागणे हे गल्लीतील कुटुंबाचे दैव पालटणारे ठरले. १९६४पासून ओझरचा विमान कारखाना आणि पुढे सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती आल्या. मुले सायकलीवरून, मग कंपनीच्या बसने कामाला जाऊ लागली, आणि काही वर्षांनी कामाच्या जवळ घर घेऊन गेली. कोणते बिऱ्हाड कोणत्या कारखान्यामुळे कोठे गेले याचा तक्ता केल्यावर दिसले, की कायमची पगारी नोकरी असलेले आधी गेले, हातावर पोट असलेले राहिले, आणि त्या राहिलेल्यांच्या जागी नवे कुणी आले नाही.

आता मागच्या बोळीविषयी. आमच्या गल्लीला, जुन्या शहरातील अनेक गल्ल्यांप्रमाणे, घरांच्या पाठीमागून जाणारी अरुंद बोळ आहे. टोपलीचे संडास होते त्या काळी ती सफाई करणाऱ्यांच्या येण्या-जाण्यासाठी होती. पुढच्या दाराच्या इतिहासात या माणसांचा उल्लेखही येत नाही. वृद्धांना विचारले तर बहुतेकांना केवळ जात आठवते, एखाद्याला पहिले नाव. ज्या माणसांच्या श्रमावाचून ही गल्ली एक दिवसही राहण्याजोगी नसती, त्यांना तिचे रहिवासी म्हणून नोंदीत स्थान मिळालेच पाहिजे, या मतावर मी ठाम राहिले, आणि काही घरांनी त्यावरून नाराजी दाखविली तरी तो भाग मी वगळला नाही. नगरपालिकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडे मी गेले. त्यांची आजी या बोळीत काम करीत असे. त्यांनी आजीची रोजची वाट सांगितली. कोणत्या घरातून शिळी भाकरी वरून टाकली जाई, कोणत्या घरची बाई पाणी ओतताना थांबून "बाजूला हो गं" असे म्हणत असे, आणि कोणत्या घरात तिच्या बाळंतपणात गूळ आणि तूप पाठविले गेले. त्यांची एकच अट होती, की आजीचे नाव आडनावासह पूर्ण लिहिले जावे. गल्लीच्या मूळ नोंदवहीत ते तसे लिहिले आहे.

याच संभाषणात आणखी एक गोष्ट समजली. काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. मंदिर गोदावरीच्या पलीकडे पंचवटीत असले तरी आमच्या गल्लीपासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तरीही गल्लीतील पुढच्या दारांच्या आठवणींत तो दिवस जवळजवळ नाहीच. आजोबा त्या काळी काय म्हणाले, घरात काय चर्चा झाली, कुणी पाहायला गेले का, यांपैकी काहीही पुढच्या पिढीला सांगितले गेले नाही. सफाई करणाऱ्या त्या आजींच्या कुटुंबात मात्र पणजोबा त्या दिवशी कोठे उभे होते हे आजही नातवंडांना ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी मी एकाच पानावर, एकाखाली एक लिहिल्या. जे सांगितले गेले नाही तेही गल्लीच्या इतिहासाचाच भाग आहे.

घरांच्या रचनेची नोंद तुलनेने सोपी गेली. जुने दस्त घर खणांत मोजतात, आणि दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण हे धरून चालले तर "पाच खणी दुमजली" अशा वर्णनावरून पडून गेलेल्या भागाचाही आराखडा काढता येतो. तो काढला आहे. रस्त्याखालीही गोष्टी आहेत. रंगपंचमीला उघडल्या जाणाऱ्या रहाडी, म्हणजे रंग खेळण्याचे जमिनीतले हौद, शनी चौकात, तिवंधा चौकात, दिल्ली दरवाजापाशी आणि जुन्या तांबट आळीत आहेत. वर्षभर त्या बुजलेल्या असतात, त्यामुळे जलवाहिनीसाठी खोदकाम निघाले की कोठे सांभाळायचे हे तेथील जुन्या माणसांनाच विचारावे लागते. आमच्या गल्लीत रहाड नाही, परंतु जुने नाले आणि बुजलेल्या आडांच्या जागा नकाशावर घेतल्या आहेत.

काय लिहायचे नाही, हेही ठरवावे लागले. आत्महत्या, पळून जाऊन केलेली लग्ने, दत्तकाचे वाद, भाऊबंदकीच्या मारामाऱ्या यांविषयी लोक बोलतात, कधी कधी फार मोकळेपणाने बोलतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना त्याचा पश्चात्ताप होतो. म्हणून प्रत्येकाला त्याचे निवेदन लिहून झाल्यावर वाचून दाखवायचे, जे काढायला सांगतील ते काढायचे, आणि ज्याच्याविषयी बोलले गेले त्याच्या कुटुंबाची संमती नसेल तर ते नोंदीत घ्यायचेच नाही, असा नियम केला. यामुळे काही फार बोलक्या गोष्टी गमवाव्या लागल्या. त्यांची मला हळहळ वाटते, तरीही नियम बदललेला नाही. मूळ कागद कुणाकडूनही ठेवून घेतले नाहीत. दाखविणाऱ्याच्या घरीच फोटो घेतले आणि कागद होते त्याच घडीत परत ठेवले.

२०२७च्या सिंहस्थाची कामे शहरात सुरू आहेत आणि जुन्या गावठाणातील वाडे एकेक करून उतरविले जात आहेत. पडक्या वाड्यात कुणी जीव धोक्यात घालून राहावे असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की वाडा उतरविण्याआधी त्याचे खण मोजले जावेत, दारांचे आणि कोनाड्यांचे फोटो घेतले जावेत, आणि त्यात राहून गेलेल्या प्रत्येक बिऱ्हाडाची खोली नकाशावर दाखविली जावी. बांधकाम करणाऱ्या मंडळींनी आतापर्यंत दोन ठिकाणी यासाठी वेळ दिला. त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

मध्यावरच्या मोठ्या वाड्याचा असा नकाशा तयार झाल्यावर त्याच्या प्रती मालकांच्या वारसांना दिल्या, आणि अकरापैकी ज्या बिऱ्हाडांचा पत्ता लागला त्यांनाही दिल्या. इंदिरानगरला राहणाऱ्या एका माजी भाडेकरूंच्या मुलीने प्रत पाहून कळविले, की माडीवरची मधली खोली तिच्या वडिलांच्या नावे दाखविली आहे, पण ती तिच्या आत्याची होती. आत्या विधवा होती, शिवणकाम करून स्वतः भाडे भरीत असे, आणि पावत्या मात्र भावाच्या नावाने फाडल्या जात. तिने आत्याच्या हातची हिशेबाची वही आणून दाखविली. त्या वहीत प्रत्येक महिन्याच्या भाड्याची रक्कम आहे. मधली खोली आता आत्याच्या नावावर दाखविली आहे, आणि बाकीच्या दहा खोल्यांच्या पावत्या प्रत्यक्ष कोण भरत होते हे मी पुन्हा एकदा विचारत आहे.